नुसतं उभं राहायचं

उभं राहणं ही शिकायची गोष्ट आहे, असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. हार्बर लाईनवर सीएसटी ते बेलापूर असा उभ्यानं प्रवास करून ज्यानं नोकरीची सगळी वर्षं काढली, कुर्ल्यापर्यंत एका पायावर, मानखुर्दपर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी पायावर आणि वाशीच्या पुलावर वारा लागला की स्वतःच्या दोन्ही पायांवर, अशा अवस्थेत एका हातानं कडी धरून दुसऱ्या हातातल्या पेपरातलं शब्दकोडं ज्यानं सोडवलं, आणि नेरूळच्या पुढं उभ्याउभ्या डुलकीही काढली, त्या माणसाला निवृत्तीनंतर कुणी येऊन 'तुला नीट उभं राहता येत नाही' असं सांगितलं, तर त्यानं ते का ऐकून घ्यावं? मी ऐकून घेतलं. कारण सांगणारी माझी भाची होती, आणि ती सिंगापुरात राहते.

परदेशातल्या नातेवाइकांचं आमच्या घरात फार चालतं. भाची सुटीला आली तेव्हा मी गॅलरीत उभा राहून खाडीकडे बघत होतो. आम्ही नवी मुंबईत, बेलापूरजवळच्या दिवाळे गावात राहतो. गॅलरीच्या एका अंगाला महापालिकेच्या मुख्यालयावरचा उंच झेंडा आणि दुसऱ्या अंगाला कोळीवाडा, जेट्टी आणि होड्या, त्यामुळे उभं राहून बघायला आमच्याकडे भरपूर आहे आणि मी ते बघतोही भरपूर. भाचीनं मला मागून पाहिलं, बाजूनं पाहिलं, पुन्हा मागून पाहिलं.

"मामा, तुझे गुडघे ताठ, खांदे कानाला लागलेत आणि पोट तुझ्या पुढं दोन पावलं चालतंय. तू चीगाँग कर."

"त्यात काय करायचं असतं?"

"काही नाही. नुसतं उभं राहायचं."

इतकी सोयीची सूचना व्यायामाच्या बाबतीत मला कुणीच केली नव्हती. आमचे वडील औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. तिथं राजेसाहेबांनी, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधींनी, शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, आणि वडिलांनी ती सक्ती संस्थान विलीन झाल्यावरही मोडली नाही. ते पहाटे नमस्कार घालायचे आणि मला शेजारी उभं करायचे. ते घामानं निथळेपर्यंत मी दुसऱ्या नमस्कारातल्या साष्टांगात पोचलेला असे आणि तिथंच मला पुन्हा झोप लागे. जमिनीवर आडवं व्हायला लावणारा व्यायाम पहाटे ठेवणं ही मूळ कल्पनाच चुकीची आहे, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. उभ्यानं करायचा व्यायाम मला चालण्यासारखा होता.

मी हिला सांगायला गेलो. "अगं, मी उद्यापासून चीगाँग करणार. नुसतं उभं राहायचं असतं."

"हे तर तुम्ही लग्न झाल्यापासून करताय," ही म्हणाली. "ओट्याशी मी, आणि स्वयंपाकघराच्या दारात तुम्ही."

आता मध्यमवर्गीय माणूस कुठल्याही कामाला हात घालण्याआधी त्याविषयी वाचून काढतो आणि वाचूनच इतका दमतो की कामाला उद्याचा मुहूर्त धरतो. मीही तेच केलं. 'ची' म्हणजे श्वास, आपण प्राण म्हणतो त्या अंगानं जाणारं काहीतरी, आणि 'गाँग' म्हणजे मेहनतीनं कमावलेलं कसब, हे समजल्यावर मेहनत कुठून आली या शंकेनं मी जरा चपापलो, पण पुढं वाचत राहिलो. १९७३ साली चीनच्या हुनान प्रांतात, चांगशा शहराच्या जवळ मावांगदुई इथं एक कबर उघडली, इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेली. तिच्यात रेशमावर काढलेलं एक चित्र निघालं. त्यात ४४ माणसं चार रांगांत व्यायाम करतायत, बाया, पुरुष, तरुण, म्हातारे, कुणी वाकलंय, कुणी हात वर केलेत. मी ती सगळीच्या सगळी भिंगातून पाहिली. माझ्याएवढं पोट सुटलेला मला त्यांत एकही सापडला नाही, आणि हा पुरावा व्यायामाच्या बाजूनं की कबरीच्या, हे मला ठरवता येईना.

मग भेटला हुआ तुओ. हा वैद्य. वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी अशा पाच प्राण्यांच्या हालचालींवरून बसवलेले व्यायाम याच्या नावावर आहेत. त्साओ त्साओ नावाच्या बड्या सत्ताधीशाची डोकेदुखी तो बरी करायचा, पण तिथल्या नोकरीला कंटाळून घरी गेला आणि 'बायको आजारी आहे' असं कळवून रजा वाढवत राहिला. साहेबानं माणसं पाठवून खातरजमा केली. बायको ठणठणीत निघाली आणि इसवी सन २०८ मध्ये हुआ तुओचा जीव गेला. ही सबब मी नोकरीत किती वेळा वापरली असेल! आमचे साहेब फार मोठ्या मनाचे होते, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

गंमत म्हणजे विद्या एवढी जुनी, पण चीगाँग या नावाखाली ती एकत्र बांधली गेली ती अगदी अलीकडे, १९५० च्या आगेमागे. लिऊ ग्वेजेन नावाचा कम्युनिस्ट पक्षाचा एक कार्यकर्ता पोटातल्या अल्सरनं हैराण होऊन गावी परतला, तिथं एका नात्यातल्या माणसाकडून जुनी पद्धत शिकला आणि बरा झाला. पक्षानं त्यातले देवधर्म, मंत्रतंत्र काढून टाकले, दवाखान्यात चालेल असं स्वरूप दिलं, आणि बेदाइहे या समुद्रकाठच्या गावी त्यासाठी आरोग्यधाम उभं राहिलं. पुढं सांस्कृतिक क्रांतीत त्याच लिऊंवर गदा आली आणि चीगाँग बंद पडलं. १९८० च्या दशकात ते असं उफाळून आलं की बागाच्या बागा भरून लोक उभे राहू लागले, आणि पुढं पुढं तर विश्वातली ची पकडण्यासाठी डोक्यावर पातेली घालून बसलेल्या लोकांचे फोटो आहेत. तो फोटो मी हिला दाखवला. त्या दिवसापासून ही रात्री पातेली मोजून ठेवते.

मला मात्र यातला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे बोधिधर्म. दक्षिण भारतातून चीनला गेलेला भिक्षू. शाओलिनच्या मठात त्यानंच हे व्यायाम शिकवले, अशी कथा आहे. मी ती उचलली आणि सोसायटीच्या कट्ट्यावर छाती पुढं काढून सांगितली, "म्हणजे बघा, हे मूळचं आपलंच!" कट्ट्यावर इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक बसतात. त्यांनी चष्मा पुसला आणि बोधिधर्माचं नाव सांगणारा तो व्यायामाचा ग्रंथ मिंग काळातला, सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला आहे, हे मला शांतपणे समजावून दिलं. "तुम्ही सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांचं सांगा की," ते म्हणाले. "१९३८ साली गेले, १९४२ मध्ये तिथंच सैनिकांवर उपचार करता करता गेले. ते खरं आहे. नाहीतर अय्यंगार गुरुजींचं सांगा. २०११ साली, नव्वदी ओलांडल्यावर, ते पुण्याहून चीनला योग शिकवायला गेले होते." मी काही बोललो नाही. नव्वदी ओलांडलेला माणूस इथून तिकडे शिकवायला जातो, आणि साठी ओलांडलेला मी तिकडचं शिकायचं म्हणतो तर गॅलरीच्या बाहेरही जात नाही. दोन्ही देशांच्या खात्यावर माझी नोंद झालेली बरी नाही, एवढंच मला वाटलं.

भाची परत गेली आणि तिकडून तिनं आवाजी निरोपांतून मला उभं करायला सुरुवात केली. पावलं खांद्यांइतकी दूर आणि समांतर. गुडघे किंचित सैल, पण पायाच्या अंगठ्याच्या पुढं जाऊ द्यायचे नाहीत. माकडहाड आत. डोक्याच्या मध्याला दोरा बांधून कुणीतरी वर ओढतंय असं समजायचं. हनुवटी आत, खांदे खाली. काखेत एकेक अंडं मावेल एवढी जागा, आणि ते अंडं फुटायचं नाही आणि पडायचंही नाही. हात छातीसमोर गोल, झाडाला मिठी मारल्यागत. जिभेचं टोक टाळूला, वरच्या दातांच्या मागं. डोळे अर्धे मिटलेले. श्वास नाकानं, सावकाश, पोटापर्यंत. लक्ष बेंबीखाली तीन बोटांवर, तिथं दानतियेन असतं, तो ची साठवायचा हौद. आणि हे सगळं करत असताना, भाची म्हणाली, अजिबात प्रयत्न करायचा नाही.

मी पॅसेजमध्ये उभा राहिलो. काखेतल्या अंड्यांकडे लक्ष दिलं की गुडघे ताठ व्हायचे, गुडघे सोडले की पोट सुटायचं, पोट आवळलं की श्वास छातीत अडकायचा, श्वास खाली ढकलला की खांदे वर यायचे, खांदे खाली आणले की अंडी फुटायची, आणि बेंबीखालची तीन बोटं मोजायला हात खाली नेला तर मिठीतलं झाड पडायचं. दानतियेन शोधताना मला आधी बेंबी शोधावी लागली. ती जिथं होती असं माझ्या आठवणीत होतं, तिथून ती बरीच खाली सरकली होती.

एवढ्यात ही बेडरूममधून बाहेर आली. मला मिठी मारायच्या तयारीत पॅसेजमध्ये उभा पाहून क्षणभर थबकली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असा प्रसंग अवघडच. पण तिनं परिस्थितीचा ताबा घेतला.

"हात पुढं केलेलेच आहेत, तर ही दोन टोकं धरा."

चादर होती. एका चादरीची घडी झाली, मग दुसरीची, मग सोलापुरी चादर निघाली, ती जड असते आणि तिला दोन वेळा झटकावं लागतं, मग पडदे निघाले, कारण पडदे धुतल्यापासून घडी घालायला दुसरा माणूस मिळत नव्हता, आणि मी भाचीच्या सांगण्याप्रमाणे श्वास पोटात, जीभ टाळूला आणि नजर अर्धी मिटलेली ठेवून टोकं धरत, सोडत, पुन्हा धरत राहिलो. "रोज करत जा हे," ही म्हणाली. "चांगलं आहे."

खांब होऊन उभं राहणं थोडं अंगवळणी पडल्यावर भाचीनं मला बादुआनजिनवर घेतलं. रेशमी कापडाचे आठ तुकडे, असं त्याचं नाव. सोंग राजवटीच्या काळापासून चालत आलेले आठ व्यायाम, आणि २००३ च्या सुमारास चीन सरकारच्या क्रीडा खात्यानं लोकांना शिकवायला जे चार प्रकार पक्के करून दिले त्यांतला हा सगळ्यात सोपा. नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी म्हणतात. आठांतले काही मला आले, काही आले नाहीत, आणि एक मला जन्मजात येत होता. मान वळवून मागं बघायचं. पाच प्रकारचे थकवे आणि सात प्रकारची दुखणी त्यानं जातात म्हणे. निवृत्त माणूस दिवसभर दुसरं करतो काय? धनुष्य ओढून गरुडावर नेम धरायचा प्रकार मात्र मी घरात एकदाच केला. बाण सुटला नाही, पण नेम शोकेसच्या काचेवर बसला.

सातव्या तुकड्यात मुठी आवळून, घोड्यावर बसल्यासारखी मांड टाकून डोळे वटारायचे असतात. चिनी वैद्यकात डोळे, राग आणि यकृत एका घरातले, म्हणून यकृताला त्याचा फायदा. डोळे वटारायची मला बिलकूल सवय नाही. ऑफिसात ते साहेबांचं काम होतं आणि घरात ते खातं आमच्याकडे नाही. म्हणून मी आरशासमोर सराव करू लागलो, मूठ पुढं, डोळे मोठे, अजून मोठे, आणि आता खरंच जमतंय असं वाटत असताना आरशात माझ्या खांद्यामागं ही उभी दिसली.

"कुणावर?"

"अगं, यकृतासाठी."

"यकृतासाठी आधी संध्याकाळचा तिसरा चहा बंद करा," ही म्हणाली, आणि डोळे वटारले. मांड न टाकता.

आठवा तुकडा सर्वांत सोपा: टाचा उचलायच्या आणि सात वेळा धपकन जमिनीवर सोडायच्या. शंभर रोग जातात. माझे गेले की नाही कळलं नाही, पण खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि हिला म्हणाल्या, "मिरच्या कांडताय का हो? मसाला करणार असाल तर माझेही दोन किलो घ्या." हिनं मसाल्याचं काम मोठ्या खुबीनं टाळलं. दुसऱ्या दिवसापासून चीगाँग घराबाहेर गेलं, आणि चीगाँगच्या मागोमाग मी.

जायचं कुठं? गावदेवीसमोर आवार होतं, पण देवळासमोर हात जोडायचे सोडून फाकवून उभं राहणं मला प्रशस्त वाटेना. सोसायटीच्या बागेत चालणाऱ्यांची वर्तुळं, त्यांच्या मध्ये उभं राहिलं की लोक मला प्रदक्षिणा घालतायत असं दिसायचं. उरली जेट्टी. बेदाइहेला समुद्र, तर दिवाळ्याला खाडी. मी हुरूप येऊन निघालो. निघताना हिनं पिशवी दिली. "येताना अर्धा किलो कोळंबी आणा. उभे राहणारच आहात तर भाव उतरेपर्यंत उभे राहा."

सकाळची दिवाळ्याची जेट्टी ज्यानं पाहिली नसेल त्याला सांगतो, काही न करता उभं राहण्यासाठी साऱ्या नवी मुंबईत यापेक्षा अवघड जागा नाही. भरतीला होड्या लागलेल्या असतात, डोलीच्या जाळ्यातलं मावरं टोपल्यांतून वर येत असतं, बर्फाच्या लाद्या फुटत असतात, कुठं कोळंबीचे वाटे पडतायत, कुठं मांदेलीचे, एखादा जिताडा मध्येच मान पावतोय, चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीनं बांधलेल्या तरी त्या टोपलीतून एकमेकींना ओढून खाली घेतायत, टेम्पो मागं घेतला जातोय, बाया भाव करतायत, बगळे जिभल्या चाटणाऱ्या मांजरांशी स्पर्धा करतायत. सगळं गाव हलत असतं. त्यात मी एका कडेला पावलं समांतर ठेवून, झाडाला मिठी मारून, डोळे अर्धे मिटून स्तब्ध झालो. प्रयत्न न करता.

पहिल्यांदा एक मावशी थांबली. डोक्यावर पाटी होती.

"काका, काय झायला?"

इथं वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. जीभ टाळूला लागलेली असताना ती मध्येच सोडायची नाही, सावकाश, नीट समारोप करून, तळवे घासून आणि पोटावर ठेवून मगच सोडायची, असं भाचीनं बजावलं होतं. म्हणून मी "अं अं" एवढंच म्हणालो.

"बोलत नाय हा," मावशीनं मागच्या बाईला सांगितलं. "जीब वलली याची."

दोन बाया आणखी आल्या. एका तरुणानं माझा पुढं केलेला हात खाली दाबून पाहिला. गेले कित्येक दिवस तो हात तिथंच राहावा म्हणून मी मेहनत घेत होतो, तो जागचा हलला नाही. "हात आकडला!" तो ओरडला. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा आणला, कुणी माझ्या पायांतल्या चपला काढल्या आणि त्या पुढं कुणालाच सापडल्या नाहीत. मला काहीही झालेलं नाही हे न बोलता सांगायचं तर कसं सांगणार? मी डोळ्यांनी सांगायचं ठरवलं. डोळे मोठे केले. यकृताच्या व्यायामानं ते आता चांगलेच मोठे व्हायला लागले होते.

"झटका आयला याला! बसवा टेम्पोन!"

चौघांनी मला उचललं. मिठी मारलेल्या स्थितीतला माणूस उचलायला सोपा असतो, धरायला जागा बऱ्याच असतात. टेम्पोत मावऱ्याचे क्रेट होते, मध्ये बर्फाची एक लादी होती, तिच्यावर गोणपाट टाकून मला बसवलं आणि टेम्पो सुटला. बर्फाच्या लादीवर कुठलीही साधना टिकत नाही. गावातल्या गल्लीत पहिल्याच वळणावर माझी जीभ सुटली आणि मी म्हणालो, "अहो, मला काही झालेलं नाही. मी नुसता उभा होतो." "सगले असाच बोलतात," माझा दंड धरून बसलेला तरुण प्रेमानं म्हणाला. शेवटी दवाखाना की घर यावर आमची तडजोड झाली आणि टेम्पो आमच्या बिल्डिंगखाली आला. हॉर्न ऐकून ही गॅलरीत आली. खाली टेम्पो, टेम्पोत क्रेटवर क्रेट, आणि क्रेटांच्या मध्ये अनवाणी मी.

"अहो!" ही वरून ओरडली. "मी अर्धा किलो सांगितली होती!"

या प्रकरणानंतर मला जेट्टीवर तोंड दाखवायला जागा उरणार नाही असं वाटलं होतं. झालं उलटंच. आता मला सगळे ओळखतात. मी दिसलो की पोरं "उबा काका आयला" म्हणून वाट देतात आणि कडेची एक जागा माझी म्हणून मोकळी ठेवतात. मीही समारोप सावकाश न करता बोलायला शिकलो. जीभ सोडली म्हणून ची विखुरत असेलही. ती कुणी यंत्रावर मोजून दाखवलेली नसल्यामुळे किती विखुरली याचा हिशेब मला कुणी मागत नाही. रक्तदाबाची गोळी मी चालू ठेवली आहे. पँट घालताना हल्ली कपाटाला धरावं लागत नाही, एवढा फरक मात्र नक्की पडलाय, आणि तो हिच्या लक्षात आल्यापासून माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर मीच चढतो.

एक अडचण आहे ती दानतियेनची. लक्ष बेंबीखाली न्यायचं, आणि श्वास खोल घ्यायचा. आता दिवाळ्याच्या जेट्टीवर सकाळी खोल श्वास घेऊन बघा. ताजी कोळंबी, वाळत घातलेला जवळा, कुठल्यातरी घरातून येणारा बोंबील तळल्याचा वास, हे सगळं नाकातून थेट पोटात उतरतं आणि जिथं ची साठायची तिथं भूक साठते. चीनमधल्या आचार्यांनी हे शास्त्र बहुधा मासळीबाजारापासून लांब बसवलं असावं. साधना संपली की मी रिकाम्या हातानं घरी जाऊच शकत नाही. कधी निवट्या, कधी मांदेली, एकदा तर भाचीच्या सांगण्यावरून चित्त फारच एकाग्र झालं आणि मी अख्खा जिताडा घेऊन गेलो. व्यायाम सुरू केल्यापासून पट्ट्याला एक भोक वाढवावं लागलं आहे. चांभारानं विचारलं, "काय साहेब, जिमला जाता का?"

अलीकडे त्या पाटीवाल्या मावशीनं माझ्यातला उपयोग शोधून काढला. ती समोरच बसते. चहाला जायचं असलं की पाटी माझ्या पायाशी सरकवते. "काका, उबेच हाव ना? मंग ही बगा. मी आयलीच." मी झाडाला मिठी मारून, डोळे अर्धे मिटून तिच्या बोंबलांची राखण करतो. बगळे मला बिचकतात. जेट्टीवरचं एक लाल-पांढरं मांजर मात्र मला पहिल्या दिवसापासून ओळखून आहे. ते येतं, माझ्या पायाला अंग घासतं, वर बघतं, माझे हात जागचे हलत नाहीत याची खात्री करून घेतं आणि पाटीतून एक बोंबील उचलून निघून जातं. मावशी आल्यावर पाटी बघते, मग माझ्याकडे बघते, आणि मी न बोलता खिशात हात घालतो. समारोपाची ही माझी पद्धत आता ठरून गेली आहे.

परवा भाचीचा फोन आला. आवाजात कौतुक होतं. मामानं इतकं चिकाटीनं काही धरून ठेवलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"मामा, आता किती वेळ उभा राहू शकतोस रे तू?"

"मांजर येईपर्यंत," मी म्हणालो.